पडद्यामागचं माप

मी आजी होणार हे सगळ्यात शेवटी कोणाले कळलं असन, तं मले. माह्या पोराले माहीत होतं, त्याले तं माहीत असणारच. माह्या नवऱ्याले माहीत होतं. सुनेच्या माहेरी भिवापूरले माहीत होतं. मागच्या गल्लीतल्या यमुताई टेलरले माहीत होतं. अन् मी, जिले नागपूरजवळच्या आमच्या बेसातल्या अर्ध्या बायाईची गोड बातमी त्यांच्या नवऱ्याच्या आधी कळते, ती मी दुकानात बसून दुसऱ्याच्या साड्याले फॉल लावून राहिली होती.

सगळा घोळ माहाच आहे, म्हणून आधी माह्याबद्दलच सांगाव लागते.

मी चंद्रकला. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर, बाबाचे दोन माग. धागा तुटला की सांधून द्यायचं काम माह्याकडं होतं. गाठ अशी बारीक माराची की कापडावरून बोट फिरवलं तरी लागली नाही पाहिजे. ते माग कधीचे गेले, गाठ तेवढी हातात राहिली. लग्न झालं जागेश्वररावाशी, ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात. तीस वर्षं तिथल्या कॉलनीत काढली. हे रिटायर झाले, पोरगा वैभव वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात लागला, अन् आम्ही बेसात घर घेतलं. समोरच्या खोलीत मी शिलाई मशीन मांडली. बाहेर बोर्ड लावला: चंद्रकला लेडीज टेलर, फॉल-पिको करून मिळेल.

दुकानाची पद्धत अशी. खोलीच्या मधात एक पडदा. मी बाईले आत घेऊन माप घेते अन् आकडा बोलते, हे बाहेर टेबलावर रजिस्टरात लिहितात. आता जो माणूस तीस वर्षं टर्बाइनजवळ उभा राहिला, त्याले हळू बोललेलं ऐकू येते काय? येत नाही. म्हणून मी ओरडते. "छाती छत्तीस, बाही दहा, गळा खोल!" बाहेर बाकावर चार बाया बसल्या असतात, त्या चौघीईलेही छत्तीस पाठ होते. मले कधी वाटलं नाही की याच्यात काही गैर आहे. मले वाटे, माहं दुकान जोरात चालते.

दुसरी गोष्ट, टेप. सतरा वर्षं झाले मी माप घेऊन राहिली, कॉलनीत घेत होती तेव्हापासून. पोट दिसायले वेळ लागते, पण ब्लाऊज आधी घट्ट होते. दोन महिन्यांत छाती इंचानं वाढली अन् कंबर तेवढीच राहिली, की मी समजून जाते. मंग हळूच विचारते, पाळी कधी आली होती वं? हळूच म्हणजे माह्या हिशोबानं हळूच. ती बिचारी लाल होते, अन् बाहेरच्या चौघी हसतात. अशा बारा-तेरा बातम्या मी पहिल्यांदा सांगतल्या आहेत. मले त्याचा एवढा गर्व होता की काय सांगू. सोनोग्राफीवाल्याईनं मले नोकरी द्याव, असं मी खरंच बोलून दाखवत होती.

मंग मागच्याच्या मागच्या वर्षी अंजूचं माप घेतलं.

अंजू म्हणजे माही सून. बेसातल्याच एका शाळेच्या ऑफिसात कामाले आहे. बोलणं कमी, काम नीट. दिवाळीचा ब्लाऊज शिवाचा होता म्हणून पडद्यामागं उभी केली, टेप लावला, अन् माह्या तोंडातून आपोआप निघालं, "साडेपस्तीस! मागच्या खेपेले चौतीस होती! अहो, लिहा, आजोबा होऊन राहिले तुम्ही!"

पोरगी अजून डॉक्टरकडं गेली नव्हती. तिले स्वतःले पक्कं माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याले सांगतलं नव्हतं. तिचे डोळे कसे झाले होते ते मले आता दिसतात. तेव्हा मी पडदा बाजूले सारून बाहेर गेली होती अन् बाकावरच्या बायाईचे अभिनंदन घेऊन राहिली होती.

तेवढ्यावर थांबली असती तं मी चंद्रकला कशाची. आमच्याकडं तिसरा महिना लागला की चोरओटी भरतात. नावातच चोर आहे. घरातल्या दोघी-तिघीईनं दार लोटून गुपचूप भराची, हिरवा खण द्याचा, बाहेर बोलाचं नाही. मी त्या चोरओटीले पंधरा बाया बोलावल्या. खुर्च्या शेजारून आणल्या. चिवडा अन् बर्फीच्या प्लेटा केल्या. चोरओटीचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

बाराव्या दिवशी ते गेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेले असं होते, कोणाचा दोष नाही. ते खरंच असन. पण नंतर जे झालं त्याच्यात दोष होता, अन् तो पूर्णच्या पूर्ण माहा होता. ज्या पंधरा जणी चिवडा खाऊन गेल्या त्याईनं अजून पन्नास जणीले सांगतलं होतं, अन् गेल्याची बातमी सांगायले कोणी नव्हतं. ती अंजूलेच सांगाव लागली. भाजीच्या गाडीवर. शाळेच्या फाटकात. एक बाई तं सहाव्या महिन्याच्या हिशोबानं झबलं घेऊन घरी आली. अंजूनं तिले पाणी दिलं, सांगतलं, झबलं परत पिशवीत ठेवून दिलं अन् फाटकापर्यंत पोचवून आली. मी स्वयंपाकघरात पोळी लाटत उभी होती. जाऊन मधात बोलाव, हे माह्याच्यानं झालं नाही. इतकं चालणारं माहं तोंड, नेमकं तिथं बंद पडलं.

माफीही मागतली नाही. उद्या मागू, परवा मागू करता करता वर्ष गेलं. अंजू माह्याशी कधी वाकडं बोलली नाही. चहा देते, गोळ्याची आठवण देते, आई म्हणते. फक्त ब्लाऊज शिवायले दिला नाही मंग कधी. ड्रेस घालते म्हणे ऑफिसात. मी म्हटलं, असन, आजकालच्या पोरी साड्या कुठं नेसतात.

आता ह्या फेब्रुवारीतली गोष्ट. मोहरी रंगाचा धागा संपला. एका रिळासाठी इतवारीच्या बाजारात कोण जाईन, म्हणून मी मागच्या गल्लीत यमुताईकडं गेली. यमुताई माह्यासारखीच टेलर, माह्यापेक्षा काम कमी, माह्यापेक्षा तोंड फारच कमी. तिच्या दुकानात खिळ्याले एक ब्लाऊज टांगला होता. मोहरी रंगाचा. पाठीले माह्या मायच्या जुन्या लुगड्याचा करवती काठ लावलेला. अंजूच्या पहिल्या दिवाळीले मी स्वतः शिवलेला.

पाहताच माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काय काय बोलली ते सगळं सांगत नाही, थोडी लाज ठेवते. घरचं गिऱ्हाईक पळवलं म्हटलं. घरात टेलर सासू असताना सून बाहेर जाते, तिले तू फूस दिली म्हटलं. तुह्या हाताले टिपेचा पत्ता नाही, अन् तू माह्या कामाले हात लावते, असंही म्हटलं. यमुताई काजं करून राहिली होती, तिनं मान वर केली नाही. मी खिळ्यावरून ब्लाऊज ओढला अन् तिच्या नाकासमोर उलटा केला, हे पाह माही गाठ, कोष्ट्याची गाठ, दाखव तुले जमते काय अशी.

अन् बोट तसंच शिवणीवर राहिलं. दोन्ही बाजूच्या टिपा उसवल्या होत्या. आत मी जास्तीचं कापड ठेवत असते, ते दोन्हीकडून बाहेर काढलं होतं. मी मोजलं नाही. मले मोजाव लागत नाही. दीड इंच.

तोंड उघडंच होतं. शिवी अर्धी बाहेर आली होती अन् उरलेली आत गेली. मी यमुताईच्या स्टुलावर बसली.

यमुताईनं काजाचा धागा तोडला, सुई उशीत खोचली, मंग बोलली. "तिनं मले शपथ घातली होती, चंद्रकलाबाई. म्हणे, घरी माप दिलं की गल्लीले कळते. आईले कळू देऊ नका."

मले राग यायले पाहिजे होता. आला नाही. आनंद व्हायले पाहिजे होता, तोही धड नाही झाला. मले आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला, पडद्याच्या बाहेर बाकावर बसून ऐकावा तसा. साडेपस्तीस, अहो, लिहा. एवढा मोठा आवाज. मी तिथंच रडली. यमुताईनं पाणी दिलं, अन् धाग्याचं रीळ दिलं, पैसे घेतले नाहीत.

घरी येताना मी ठरवलं. मले काही कळलं नाही. तिनं सांगतलं तं कळन, नाही सांगतलं तं पोरगं हातात देईन तेव्हा कळन. अन् नाहीच दिलं हातात तं? हा विचार आला अन् पाय जागीच थांबले. खरी गोष्ट तीच होती. आजी तं मी आपोआप होणार होती, त्याले काही लागत नाही. पण ज्या बाईले बातमी द्यायले भीती वाटते, तिच्या मांडीवर कोणी लेकरू विश्वासानं ठेवन काय?

गप्प बसणं म्हणजे काय असते, हे मले बावन्नाव्या वर्षी शिकाव लागलं. लोकं मौन धरतात म्हणे दोन-दोन दिवस. माह्याच्यानं दोन तास होईना. शेवटी मी उपाय काढला. शिवताना टाचण्या दातात धराच्या. चार टाचण्या ओठात असल्या की माणूस बोलू शकत नाही, बोललाच तं टोचते. मी सकाळी दुकान उघडलं की टाचण्या तोंडात घालत होती अन् जेवायले बसतानाच काढत होती. ह्यांनी विचारलं, दाढ दुखते काय वं? मी मान हलवली. त्याईनं लवंगेचं तेल आणून दिलं.

अन् हे माणूस काही कमी नव्हते. रोज चिंच आणत होते. मी पिशवी उघडली की म्हणे, तांब्याची भांडी घासायले आणली. आमच्या घरात तांब्याचं भांडं एकच आहे, देवाजवळचा गडू. त्या एवढ्याशा गडवानं आठ दिवसांत अर्धा किलो चिंच संपवली. त्याईले वाटे मले माहीत नाही. मले माहीत आहे हे त्याईले माहीत नव्हतं. जेवायले बसलो की चौघंही ताटात पाहून जेवत होतो. वैभव तं माह्याकडं पाहिलं की ठसकाच लागत होता त्याले.

चार आठवडे गेले असे. मंग एक दिवस अरुंधतीबाई आल्या. ह्या सिव्हिल लाइन्सच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या, बोलणं एकदम शुद्ध, अन् बातमीच्या बाबतीत माह्या खालोखाल त्याच. अंजू त्या दिवशी सुटी घेऊन घरी होती, आतल्या खोलीत झोपली होती. बाकावर अजून दोघी होत्या. अरुंधतीबाईंनी साडी टेबलावर ठेवली अन् म्हणाल्या, "परवा शाळेच्या फाटकाशी अंजूला उलटी झाली, मी पाहिलं. चंद्रकलाबाई, काही विशेष आहे का?"

तिघीही माह्याकडं पाहून राहिल्या. मी टाचण्या काढल्या. एक एक करून काढल्या, तेवढाच वेळ मिळते. ह्यांनी रजिस्टरातून डोकं वर केलं. त्या अर्ध्या मिनिटात माह्या जिभेवर काय काय येऊन गेलं ते मले माहीत. हो म्हणाची केवढी हौस होती. चिवड्याच्या प्लेटा डोळ्यापुढं आल्या, खुर्च्या आल्या, झबलं घेऊन आलेली ती बाई आली.

आता ऐका. सावजी रस्सा म्हटला की आमच्या समाजात जीव की प्राण, अन् माह्या हातच्या रश्श्याले अजून कोणी नाव ठेवलं नाही. मी ठेवू दिलंच नाही. एकदा नणंदेनं मीठ जास्त झालं म्हटलं, तं मी तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. ती मी, तीन बायाईच्या समोर बोलली, "काही विशेष नाही बाई. माह्या हातचा रस्सा बाधला तिले. तेल खवट झालं होतं, मले वास आला होता, तरी मी टाकलं. सगळं घर आडवं पडलं होतं."

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली अन् माह्याकडं पाहिलं. आपण आडवे पडलो होतो हे त्याईले तेव्हाच कळलं. पण ऐकू मात्र पूर्ण आलं होतं.

अरुंधतीबाईंनी लिंबूपाणी द्यायले सांगतलं अन् गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं की चंद्रकलाच्या रश्श्यानं चार जण आजारी पडले. गल्लीच्या टोकाच्या महादेवरावाच्या घरी दरवर्षी त्याईच्या वाढदिवसाले माह्याच हातचा रस्सा असते, त्याईचा फोन आला. यंदा पनीर करून राहिलो म्हणे, तुम्हाले कायले त्रास. मी म्हटलं, हो ना बापा, पनीरच बरं. फोन ठेवला अन् मले हसू आलं, थोडं रडूही आलं. तीस वर्षांची कमाई एका खोट्या तेलात गेली.

पाणी प्यायले वळली तं आतल्या दारात अंजू उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. तशीच आत गेली. मी परत टाचण्या तोंडात घातल्या.

दिवे लागायच्या वेळेले दुकान रिकामं झालं. हे रजिस्टर बंद करून राहिले होते. अंजू समोरच्या खोलीत आली, हातात तो मोहरी ब्लाऊज.

"आई, हा बगलेत खेचते. माप घेता काय?"

ह्यांनी रजिस्टर परत उघडलं, सवयीनं. मी टाचण्या काढल्या, तिले पडद्यामागं घेतलं अन् टेप गळ्यातून काढला. टेप हातातून दोनदा सुटला. मी आधी जे बोलाचं होतं ते बोलून टाकलं, टेपाकडं पाहत. अंजू, मागच्या वेळी माहं चुकलं वं. तुह्या तोंडची गोष्ट मी गावाले वाटली, अन् नंतरचं सगळं तुह्या एकटीवर टाकलं. मले माफ कर म्हणायले मी वर्ष लावलं. एवढं बोलायले मले कुठल्याही शिवणीपेक्षा जास्त वेळ लागला.

अंजूनं माह्या हातातला टेप खाली घेतला अन् पोटावर ठेवला, बेंबीखाली.

"इथलं घ्या," ती म्हणाली. "डॉक्टर ठीक म्हणतात. पण मले रोज सकाळी वाटते की थांबलं असन. वैभवले विचारलं तं तो मोबाईलमध्ये वाचून सांगते. कोणाले विचारू? तुमच्या हाताले कळते, आई. वाढून राहिलं ना?"

म्हणजे हे चार आठवडे मी तिकडं टाचण्या चावून राहिली होती, अन् ही पोरगी इकडं रोज सकाळी भिऊन उठत होती. जिच्याजवळ टेप होता तिलेच विचारता येत नव्हतं. काहून? त्या टेपाले जोडलेल्या तोंडामुळं.

मी गुडघ्यावर बसली. टेप फिरवला, सैल नाही, घट्ट नाही. आकडा पाहिला. मंग बोट आत घालून परत पाहिला, काहून की अशा वेळी डोळ्याचा भरवसा नाही. तिच्या लग्नाच्या वेळचं माप मले पाठ आहे, यमुताईकडची ती उसवलेली शिवण बोटाले पाठ आहे. सगळं मनात लावून पाहिलं.

"बोल ना, काय लिहू?" बाहेरून ह्यांनी विचारलं.

मी उठली, अंजूच्या कानाजवळ तोंड नेलं. इतकं हळू बोलायचं कसं हे मले माहीतच नव्हतं, पहिल्या खेपेले नुसती हवाच निघाली. दुसऱ्यांदा जमलं.

"वाढून राहिलं," मी म्हटलं. "चांगलं वाढून राहिलं. दर सोमवारी ये, मी पाहत जाईन."

तिनं माह्या खांद्यावर डोकं टेकवलं अन् मंग रडली, एवढ्या दिवसाचं एकदम. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तोंड बंद ठेवलं, अन् ह्या खेपेले टाचण्या लागल्या नाहीत.

"ऐकू नाही आलं वं," ह्यांनी परत विचारलं. "किती?"

मी म्हटलं, काही लिहू नका, अन् पडदा नीट ओढून घेतला.